हँडब्रेकची वायर

गाडीतली कॅसेट जाऊन वीस वर्षं झाली. मधे सीडी आली, तीही गेली. तरी आमच्या खालापूर तालुक्यात गाडीतल्या त्या वस्तूला माणसं अजून टेपच म्हणतात, आणि टेप बसवायचा म्हटलं की एकच नाव निघतं, लोधिवलीचा हिरामण. जुन्या मुंबई-पुणे हायवेला त्याचं दुकान आहे. एक शटर, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत एक गाडी मावेल एवढी जागा. पाटीवरचं नाव उन्हानं कधीच उडून गेलं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

हिरामण पन्नाशीचा. उंचीनं बेताचा, बोलण्यात त्याहून बेताचा. चार वर्षांचा असताना आई गेली आणि त्याला वाढवला थोरल्या बहिणीनं, बायजानं. ती तरी तेव्हा केवढी, बारा-तेराची. भाताच्या लावणीला जाताना ती याला बांधावर बसवायची, हातात भाकरीचा तुकडा द्यायची आणि चिखलात वाकल्या वाकल्या दर ओळीला मान वर करून बघायची, आहे ना बसलेला. पुढं तिचं लग्न चौकला झालं तेव्हा हा वऱ्हाडाच्या टेंपोमागं रडत पळाला होता. म्हातारी माणसं ती गोष्ट अजून सांगतात आणि पन्नाशीचा हिरामण अजून लाजतो. साऱ्या गावाला तो हिरामण, बायजाला तेवढा हिरू.

दहावीला गणितानं दगा दिला, मग तो पनवेलला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं सहा वर्षं राबला. त्या उस्तादानं त्याच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकली. कंपनीची वायर कापायची नाही. बाजारात टेप बसवणारे ढिगानं आहेत. गाडीच्या मूळ वायरी कचाकच कापायच्या, दोन बोटांनी पीळ द्यायचा, वर काळी पट्टी गुंडाळायची, झालं काम! दोन पावसाळे गेले की पट्टी सुटते, वायरीला वायर लागते आणि उभी गाडी पेटते. हिरामण असलं काम करायचा नाही. कंपनीच्या खटक्यात, म्हणजे वायरींच्या टोकाच्या प्लास्टिकच्या कपलरात, बरोबर बसेल असा खटका तो मुंबईहून आणायचा, एकात एक अडकवायचा, आणि जोड द्यावाच लागला तर सोल्डर मारून वर नळी चढवायचा. काढलेला जुना टेप वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर गाडीचा नंबर घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाइकाला नको असला तर तो फळीवर जपून ठेवायचा. खोपोलीपासून कर्जतपर्यंत लोक म्हणायचे, हिरामणकडं वेळ लागतो, पण नंतर झोप लागते.

एवढा देवमाणूस. पण एक गोष्ट तोही करत होता, आणि खोटं कशाला बोला, सगळेच करतात.

नव्या टचस्क्रीनच्या टेपमागून वायरींचा एक झुपका निघतो. त्यात एक हिरवी वायर असते. ती हँडब्रेकला जोडायची. हँडब्रेक ओढलेला असला, म्हणजे गाडी उभी असली, तरच पडद्यावर पिक्चर दिसतो. ब्रेक सोडून गाडी हलली की पिक्चर बंद, नुसता आवाज. बनवणाऱ्यानं विचार करूनच केलंय ते. पण आपल्या लोकांना गाडी उभी असताना पिक्चर बघायचा नसतो. "हिरामणभाऊ, चालत्या गाडीत दिसलं पायजे हां!" हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याचा एक दिवस गेला नाही. मग काय करायचं, ती हिरवी वायर हँडब्रेककडं न्यायचीच नाही. तिचं टोक सोलायचं आणि डॅशबोर्डमागं गाडीच्या लोखंडाला एका स्क्रूखाली दाबून टाकायचं. टेपला वाटतं ब्रेक ओढलेलाच आहे, गाडी उभीच आहे. दोन मिनिटांचं काम. गिऱ्हाईक खूश, आणि ज्याच्या हातानं कंपनीची एक वायर कधी कापली नाही तो हिरामणही त्यात काही वावगं मानेनासा झाला. रोज करून करून पाप अंगवळणी पडतं, ते असं.

त्याच्या पडवीच्या खांबाशी चिमा बसायची. डोंगराखालच्या ठाकरवाडीतली, चाळिशीची बाई. पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदं नि जांभळं. हिरामणनं तिला जागा दिली यात त्याचं मोठं कौतुक नको. सावली त्याची, गिऱ्हाईक दोघांचं. टेप बसेपर्यंत गाडीवाला करणार काय, करवंदं खाणार. स्पीकरचा धमाका सुरू झाला की चिमा दोन्ही कानांवर हात ठेवायची. "दादा, काळीज हालतंय माजं, बारीक कर की रं!" आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हिरामण आवाज बारीक करायचा. नऊ वर्षं ती तिथं बसली.

आता साईनाथचं सांगतो. बायजाचा एकुलता एक. पोर आठवीत असताना बाप गेला, बायजानं लोकांची शेतं लावून त्याला मोठा केला. पोरगा वाईट नव्हता. कामगारांना पाळीच्या वेळी रसायनीच्या कारखान्यांवर न्यायची-आणायची व्हॅन चालवायचा, दारूला शिवायचा नाही, आईला घासातला घास द्यायचा. फेब्रुवारीत त्याचं लग्न झालं. हळदीला अख्खं चौक नाचलं, आणि लग्न झालं तसं त्यानं मामाच्या मागं टुमणं लावलं. "मामा, माज्या गाडीला टच बसव."

व्हॅनमधला कंपनीचा टेप खरंच कामातून गेला होता. बटणांवरची अक्षरं पुसलेली, आकड्यांतले अर्धे दिवे मेलेले, रसायनीकडं वळलं की नुसती खरखर. मार्चमधे एका मंगळवारी हिरामणनं गाडी पडवीत घेतली. चेपटी पट्टी घालून त्यानं डॅशबोर्डची चौकट अलगद उचकटली, चार स्क्रू काढले, जुना टेप बाहेर ओढला. मागच्या पोकळीत बोटभर धूळ, एक चिंचोका आणि कुणाच्या तरी कानातलं निघालं. नवा पडदा बसवला, मागं बघायचा कॅमेरा बसवला. आणि हिरव्या वायरीशी आला तेव्हा त्याचा हात थांबला.

बहिणीचा एकुलता एक होता ना. हिरामणनं गालिचा उचलला, खाली पडून हँडब्रेकच्या दांड्यापाशी पोचला आणि ती वायर जिथं जायला हवी तिथं नेऊन जोडली. जादा तास लागला. शंभरांत नव्याण्णव गाड्यांना त्यानं जे केलं नाही ते भाच्याच्या गाडीला केलं. यातच सगळं आलं. त्याला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तिसऱ्या दिवशी साईनाथ तोंड पाडून परत आला. "मामा, गाडी हालली का पिक्चर गायब."

"तसंच पायजे."

"सगळ्यांचं चालतं. माजंच कसं नाय?"

"तुला गाडी चालवायची का पिक्चर बघायचा? उद्योग नाय दुसरा?"

पोरगा फुरंगटून निघून गेला. खांबाशी बसलेली चिमा म्हणाली, "भाच्याला रडवलास की दादा," आणि मूठभर बोरं हिरामणपुढं ठेवली. त्या दिवशी तो हसला होता.

रविवारी बायजानं त्याला जेवायला बोलावलं. सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, त्याच्या आवडीचं सगळं. पान वाढल्यावर ती समोर बसली. "हिरू, पोराची हौस हाय रं. हळदीचा व्हिडिओ त्यानं पेनड्राइव्हमधे घातलाय. गाडीतल्या माणसांना दाखवायचाय. सगळ्यांच्या गाडीत चालतो नि सख्ख्या मामानं लावलेला टेप तेवढा चालत नाय, लोक हसतात त्याला."

"ताई, ते बरं नसतं गं."

"तू लोकांना करून देतोस तवा बरं असतं?"

हिरामणच्या तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं काय होतं त्यात? बायजानं त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. "मी तुज्याकडं आजवर काय मागितलंय का?" म्हणाली. तेही खरंच होतं. त्याला वाढवल्याबद्दल तिनं जन्मात काही मागितलं नव्हतं. हात धुऊन तो अंगणात उभ्या व्हॅनमधे शिरला, हँडब्रेकची वायर सोडली, टोक सोललं आणि डॅशबोर्डमागच्या स्क्रूखाली दाबलं. दोन मिनिटं लागली. साईनाथनं त्याला मिठी मारली आणि बायजा ओट्यावरून हसत बघत होती.

महिना गेला. एप्रिल अर्धा सरला असेल. दिवस कलायला आला होता. चिमानं पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "येते दादा. आज घरवाल्याचा फोन आलता, लवकर ये म्हन्तो." हिरामण एका गाडीच्या दारात स्पीकर बसवत होता. त्यानं मान न वळवता "बरं" म्हटलं. तेवढंच ते शेवटचं बोलणं, आणि त्यावरून त्यानं नंतर किती वेळा स्वतःचं डोकं खाल्लं त्याला हिशेब नाही.

पुढं ओढ्यावरच्या मोरीपाशी आवाज झाला तो दुकानापर्यंत आला. माणसं धावली, हिरामणही धावला. चिमा रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडं, मातीत पडली होती. बघताक्षणी कळत होतं की काही उरलं नाही. पुढं मोरीच्या कठड्यावर एक व्हॅन नाक फोडून उभी होती आणि रस्त्यावर साईनाथ बसला होता. कामगारांना सोडून एकटाच परत येत होता. मामाला बघितलं तसा त्यानं त्याचा पाय धरला. "मामा, मला दिसलीच नाय ती. आईची आण, दिसलीच नाय."

हिरामणनं त्याला विचारलं नाही की का नाही दिसली. तो तिथंच कठड्याला धरून ओकला.

आता गाव म्हणजे गाव. पोलीस आले, पंचनामा झाला, क्रेननं व्हॅन ओढून ठाण्याच्या आवारात नेली. बायजाच्या भावकीतले चार शहाणे जमले आणि त्यांनी साईनाथला सांगितलं, दिसली नाही असं बोलू नकोस, ती धावत आडवी आली असं बोल. त्यानं तसं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत ती धावत आडवी आलेली सगळ्यांनी बघितली होती, त्या वेळी जे पनवेलला होते त्यांनीसुद्धा! ठाकराची बाई होती ना. आमदाराची बहीण असती तर एकाच्या तरी डोळ्याला ती धावताना दिसली असती का? गाडीतल्या टेपकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. बॅटरीची वायर धक्क्यानं तुटली होती, पडदा काळा तो काळाच राहिला. साईनाथ जामिनावर सुटून घरी आला आणि हिरामण गप्प बसला.

तो गप्प बसला, आणि त्याला वाटलं की काळ जाईल तसं हे निवळेल. पण चिमाचा बारावा झाल्यावर खांबाशी तिचा नवरा येऊन बसला.

पोशा त्याचं नाव. कुणाच्या तरी फार्महाउसवर बागेचं काम करायचा. आला तो पाटी नाही, करवंदं नाहीत, नुसताच येऊन बसला. पहिल्या दिवशी हिरामणला वाटलं, मागणं असेल काही. तर नाही. तो म्हणाला, "शेठ, मीच मारली तिला."

हिरामणनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"पोरीला बघाया पावनं येनार होतं. मी फोन केला, लवकर ये, चालत नको येऊस, टमटम पकड. टमटम पलीकडच्या अंगाला उभी ऱ्हाते. मी घाई केली म्हनून ती धावली." असं म्हणून पोशानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यानं तो फोन केला नसता तर ती रोजच्यासारखी कडेकडेनं चालत आली असती, असं त्याचं म्हणणं. आणि ती रोजच्यासारखी कडेकडेनंच चालत होती, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडं, हे बोलायला हिरामणच्या तोंडात जीभ नव्हती. त्यानं शेजारच्या टपरीवरून चहा मागवला आणि पोशाच्या हातात ग्लास दिला. दुसरं काय करणार? माणसाला खरं देता येईना की तो चहा देतो.

मग रोजच ते सुरू झालं. दुपारी बागेचं काम संपवून पोशा यायचा, खांबाशी बसायचा, फोनचं बोलायचा, चहा प्यायचा आणि जायचा. हिरामण रोज ऐकायचा. घरी त्याला जेवण जाईना. बायको, छाया, म्हणायची, डॉक्टरला दाखवा. दुकानात टच बसवायला कुणी आलं की तो हिरवी वायर निमूट हँडब्रेकला जोडायचा, आणि चालत्या गाडीत दिसलं पाहिजे असं कुणी म्हटलं की अंगावर धावून जायचा. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खांबाशी पोशा हे सगळं बघायचा आणि त्याला वाटायचं, चांगला माणूस आहे, आपल्या दुःखानं वाळलाय.

मेच्या मध्यावर कोर्टातून व्हॅन सुटली. बायजानं ती गॅरेजला नेऊ दिली नाही, ओढून थेट हिरामणच्या पडवीत आणली. स्वतः बरोबर आली. सकाळची वेळ होती, पोशा कामावर होता. "नवा काढ नि जुना बसव," ती म्हणाली. "गॅरेजवाल्याच्या नजरेला पडाया नको. कोन कुटं काय बोलंल."

हिरामणनं टेबलावरची बॅटरी आणून जोडली. टेप काढण्याआधी त्यात गिऱ्हाइकाचं काही राहिलंय का ते बघावं, ही त्याची सवय. त्यानं चावी फिरवली. पडदा उजळला, आणि या टेपांची एक रीत असते, जिथं बंद पडला तिथूनच तो पुढं सुरू होतो. हळद सुरू झाली. ढोल, पिवळी तोंडं, आणि मधोमध दोन्ही हात वर करून नाचणारा नवरदेवाचा मामा. खुद्द हिरामण. चिमाला उडवली त्या घटकेला साईनाथ रस्ता सोडून त्याला नाचताना बघत होता.

बायजा बाजूच्या सीटवर बसून बघत होती. "बंद कर," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "हिरू, पोराच्या लग्नाला तीन महिनं झालं नायत. आत टाकतील रं त्याला. कुनाला सांगू नको. ह्यो टेप नदीत टाक."

हिरामणनं टेप काढला. जुना फळीवरून घेऊन बसवला, खटक्यात खटका, चार स्क्रू, चौकट, बोट फिरवलं तरी कळणार नाही असा. हात सवयीनं चालले. नवा टेप त्यानं पेनड्राइव्हसकट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बायजा गेल्यावर त्यावर गाडीचा नंबर घातला. नदीत टाकायला तो दोनदा निघाला आणि दोनदा परत आला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी पोशा आला तो बसलाच नाही. खांबाला धरून उभा राहिला. "शेठ, जनी माज्याशी बोलत नाय," म्हणाला. जनी त्याची पोरगी. "भाकर टाकते समोर नि निघून जाते. काल बोलली, बाबा, तू आईला मारलंस. आता घरी जावंसं वाटत नाय."

हिरामण रात्रभर बसून राहिला. सकाळी त्यानं दुकान उघडलं आणि पडवीत एकही गाडी घेतली नाही. पोशा यायची वाट बघितली. तो आल्यावर चहा मागवला, त्याला आत बोलावलं आणि फळीवरून टेप काढून टेबलावर ठेवला. पोशाच्या हातात ग्लास तसाच होता. हिरामणनं बॅटरी जोडली. पडद्यावर हळद सुरू झाली, ढोल वाजायला लागले. पोशा बघत राहिला. "शेठ, ह्यो तू हायस," तो म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं.

मग हिरामणनं सांगितलं. हिरवी वायर दाखवली, ती कुठं जायला पाहिजे होती आणि त्यानं कुठं लावली ते सांगितलं. भाच्यानं मागितली तेव्हा नाही म्हणालो आणि बहिणीनं सांगितलं तेव्हा लावली, हेही सांगितलं. पोरगा रस्त्याकडं बघतच नव्हता, हे बघत होता. चिमा कडेला होती, पट्टीच्या बाहेर, मी डोळ्यांनी बघितलंय. सांगताना तो रडत नव्हता, भराभर बोलत होता, थांबलो तर परत तोंड उघडणार नाही या भीतीनं.

"मंजी ती धावली नव्हती?" पोशानं विचारलं.

"नाय."

"माज्या फोननं नाय मेली?"

"नाय रं पोशा. तुजा काय संबंध नाय."

पोशानं हातातल्या ग्लासाकडं बघितलं. "रोज च्या पाजलास मला," तो म्हणाला. "म्हैनाभर. रोज मी तुज्या म्होरं बसून बोललो मी मारली, मी मारली. नि तू मला च्या पाजलास."

हिरामणला वाटलं होतं तो मारेल, शिव्या घालेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पोशा बाहेर गेला, चहा मातीत ओतला, नळावर ग्लास धुतला आणि आणून पालथा टेबलावर ठेवला. "चल," म्हणाला.

"कुटं?"

"ठाण्यात. मी एकला गेलो तर माजं कोन ऐकनार हाय?"

हिरामणनं शटर ओढलं. स्कूटरवर पोशा मागं बसला, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला टेप. रस्ता चौकवरून जातो आणि बायजाचं घर रस्त्यालाच आहे. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. भावाला बघून तिनं हात केला, "थांब रं, जेवून जा!" मग तिला मागचा माणूस दिसला आणि त्याच्या मांडीवरचं पुडकं दिसलं. ती सूप टाकून रस्त्यावर आली. हिरामणनं स्कूटर थांबवली. न थांबता जायची ताकद त्याच्यात नव्हती.

बायजा आरडाओरडा करणारी बाई नव्हे. तिनं स्कूटरचं हँडल धरलं. "हिरू, बांधावर बसवून वाढवला रं तुला. चिखलातनं दर वळीला मान वर करून बघायची मी."

"बघायचीस ताई."

"मंग?"

"चिमा पन माज्याच दारात बसायची गं," हिरामण म्हणाला. पोशा खाली बघत होता. बायजाचा हात हँडलवरून सुटला. ती वळून घरात गेली आणि दार लावून घेतलं. भर दुपारी दार लावलेलं त्या घरानं पूर्वी एकदाच बघितलं होतं, तिचा नवरा गेला तेव्हा.

ठाण्यात फौजदार तरुण होता. आधी त्याला वाटलं हे दोघं चोरीचा माल परत करायला आलेत. मग त्यानं ऐकून घेतलं, टेप उलटापालटा करून बघितला, वायर बोटात धरली आणि खुर्चीत सरसावून बसला. जबाब लिहायला घेतला. नाव, वय, धंदा. हिरामणनं एकेक सांगितलं. पोशा भिंतीशी बाकावर बसला होता.

"ही वायर गाडीच्या बॉडीला कोणी लावली?"

"मी."

"ड्रायव्हरनं मागितली म्हणून?"

"मागितलेली. मी नाय म्हणालो."

"मग लावली कशी? मधे काय झालं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

हिरामणनं बाकाकडं बघितलं. पोशा त्याच्याकडंच बघत होता. कुणी सांगितलं ते पोशाला ठाऊक होतं, तासाभरापूर्वी हिरामणनंच सांगितलं होतं.

"कुनी नाय सांगितलं साहेब," हिरामण म्हणाला. "माज्या मनानं लावली."

फौजदारानं पोशाकडं वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

चौकचं ते लावलेलं दार पोशानंही बघितलं होतं. मग तो म्हणाला, "तो बोलतो तसंच लिवा."

फौजदारानं तसं लिहिलं आणि कागद हिरामणपुढं सही करायला सरकवला.